तळाचे सात आलुबुखार

“थुंक. आधी थुंक, मग बोल. बिब्बा हाय त्यो, जीभ सुजून दारात मावायची न्हाई!”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून ओरडतच उठल्या आणि पिठाच्या हातांनी त्यांनी माझे दोन्ही गाल आवळून धरले. माझ्या तोंडात एक काळी, सुरकुतलेली, चिकट वस्तू होती, आणि खरं सांगायचं तर ती मला थुंकवत नव्हती. लग्न होऊन तीन महिने झाले होते. सांगलीहून कृष्णाकाठच्या त्या गावात मी पोचायच्या आधी माझ्या जिभेची कीर्ती पोचली होती. ती न सुजताच दारात मावत नाही, असं सातारा जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांनी मला अजून ऐकलं नव्हतं.

ज्यानं बिब्बा हाताळलाय त्याला आत्याबाईंची भीती समजेल. त्याचं तेल कातडीला नुसतं लागलं तरी टरारून फोड येतो. आणि माझ्या तोंडातली वस्तू तेवढीच, तशीच काळी.

धाकटे दीर, माझे भावजी, ओसरीच्या खांबाला धरून हसत होते. पलटणीतून मोठ्या रजेवर आले होते आणि पिशवी त्यांनीच आणली होती. ते इतके मोठ्यानं हसले की गोठ्यातली म्हैस बिथरली आणि तिनं दोन दिवस दूध चोरलं. (एक वेळ चोरलं. पण दोन दिवस म्हटलं की हसण्याचा अंदाज येतो.)

“आई, सोड तिला. आलुबुखार हाय त्यो,” भावजी म्हणाले. “वरच्या मुलखातलं फळ. वाळवल्यालं. खायाचंच असतंय.”

“बुखार? ताप आणलास व्हय रं पिशवीत भरून?”

“तापाचं न्हवं, तापावरचं,” मामंजी बाजेवरून म्हणाले. माझे सासरे. हवालदार म्हणून पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा मात्र अजून नोकरीत. “आमच्या टायमाला दवाखान्यात आजारी शिपायाला देत. मेल्या जिभंला चव येती.” एवढं बोलून, अंगात ताप नसताना, त्यांनी तीन उचलले.

आत्याबाईंनी माझे गाल सोडले. गालांवर पिठाची दहा बोटं घेऊन मी बी थुंकलं आणि दुसरा तोंडात टाकला. पहिल्यांदा आंबट लागतो, मग गोड, आणि शेवटी धुरासारखं काहीतरी जिभेच्या मुळाशी राहतं. भावजी म्हणाले, तिकडं डोंगरातले लोक छपराखाली वाळत घालतात आणि खाली चुली पेटलेल्या असतात, त्याचा तो वास. खरंखोटं भावजी जाणे. थापा मारण्यात त्या घरात माझ्या तोडीचे तेच एकटे होते, म्हणून आमचं जमलं.

तर अशी ती वस्तू आमच्या स्वयंपाकघरात आली आणि घरजावयासारखी ठाण मांडून बसली. आत्याबाईंनी पहिले चार दिवस तिच्याकडे संशयानं पाहिलं. पाचव्या दिवशी आमसूल संपलं होतं, म्हणून दोन आलुबुखार कोमट पाण्यात भिजत घातले, कुस्करून बी काढलं आणि तुरीच्या आमटीत सोडले. त्या आमटीचा वास नदीपलीकडे गेला. तिथली माणसं भाकरी हातात घेऊन नावेत बसली, असं मी माहेरी सांगितलं आणि माहेरच्यांनी ते मानलं. मग चटणी झाली, लाल मिरची, जिरं आणि गुळाचा खडा घालून. ती मामंजी भाकरीवर पसरून खात आणि मिशीला लागलेली नंतर खात. यात्रेच्या मटणात मूठभर पडले, तेव्हा पाहुणे रस्सा भुरकून एकमेकांकडे बघायला लागले. शेजारच्या पोटुशीला दिवसभर पाणी ठरत नव्हतं, तिनं एक गालात धरला आणि दुपारी ज्वारीची भाकरी खाल्ली. तान्ह्या पोराचं पोट धरलं की भिजवलेलं पाणी बोंडल्यानं पाजायचं. ज्या म्हाताऱ्यांचं पोट धरे, ते संध्याकाळी आमच्या ओसरीवर सहज म्हणून येत आणि पिशवी निघेपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा मारत.

खाण्यात आलं ते बोलण्यात यायला वेळ लागत नाही. आपल्या भाषेनं सुकलेल्या जिनसांना मान दिलाय. वाळलेला माणूस खारीक होतो, सुंठीवाचून खोकला जातो. आलुबुखाराला मात्र मराठीत कुणी पाट मांडला नव्हता. तो आम्ही मांडला. कुणी रुसून बसलं की, “तोंडाचा आलुबुखार करू नगंस.” कुणी रागात असलं आणि आत्ता बोलून उपयोग नसला की, “भिजत पडलंय, फुगू दे, मग बोल.” आणि गोडगोड बोलता बोलता एखाद्यानं मधेच टोचणारी गोष्ट काढली की मामंजी म्हणत, “आलं बी दाताखाली.” वर्षभरात ही बोली अर्ध्या गावात गेली. ज्यांनी ते फळ डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तेही एकमेकांना तोंडाचा आलुबुखार करू नका म्हणून सांगत. एका शाळामास्तरांनी त्याचा अर्थ शिजलेला बटाटा असा लावला होता. कुणी दुरुस्त केला नाही, कारण मास्तर रुसले तर तोंडाचा आलुबुखार झाला असता.

भावजींनी तीन रजांत तीन पिशव्या आणल्या. आत्याबाई त्या एका पत्र्याच्या डब्यात ओतत. आमच्या घरात एक रीत होती, अजून आहे. कुठलाही डबा तळ दिसेपर्यंत रिकामा करायचा नाही. पीठ असो, मीठ असो, हळद असो. तळाशी मूठभर ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं. जुनं घरात असलं की नवं वाट चुकत नाही. मी नवी होते तेव्हा एकदा मिठाची बरणी खंगाळून पालथी घातली होती. आत्याबाई तशाच शेजारी गेल्या, ओंजळभर मीठ आणलं, बरणीत टाकलं आणि मग पाणी प्यायल्या. आलुबुखारांचंही तसंच. पिशवी येण्याआधी डब्यात पाचसहा तरी शिल्लक असत, आणि भावजी उंबऱ्यात बूट काढता काढता विचारत, “आई, डबा हाय का जागा?”

“हाय की. तुजीच वाट बगतोय.”

तिसऱ्या रजेवरून ते गेले त्या हिवाळ्यात लढाई लागली. आमच्या गावातली चाळीस पोरं सैन्यात होती, म्हणून टपालवाला वेशीत दिसला की बायका जिथं असतील तिथं थांबत. लढाई लवकर संपली. गावात पेढे वाटले. आम्हीही वाटले. आमच्याकडे कागद आला तो त्यानंतर. माझ्या मालकांनी, भावजींच्या थोरल्या भावानं, तो ओसरीवर वाचला. भावजी बेपत्ता होते.

“म्हंजी?” आत्याबाईंनी विचारलं.

माझ्या मालकांनी कागद उलटून पाठीमागंही पाहिलं. मामंजींनी आयुष्यभर पलटण पाहिली होती. त्यांना त्या शब्दाचा अर्थ आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता.

“म्हंजी हुडकत्यात,” ते म्हणाले.

त्या दिवशी आत्याबाईंनी डबा उतरवला, आतले मोजले. सात होते. डबा त्यांनी ट्रंकेत ठेवला, ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पुढे तिकडच्या कैदेतले सुटून आले. लोणंदकडच्या एका घरी असाच गेलेला मुलगा आला, असं ऐकून माझे मालक तिथं जाऊन त्याला भेटले. त्यानं भावजींना कुठंच पाहिलं नव्हतं. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि किल्ली चाचपली.

त्यातच पाऊस गेला, दुष्काळ पडला. कोरड्या माण मुलखातली माणसं मेंढरं घेऊन आमच्या नदीकाठी उतरली आणि नदीही लाजून बारीक झाली. या सगळ्यात आमच्या घरात कुणी कुणाला तोंडाचा आलुबुखार करू नकोस म्हणालं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. ते शब्द ट्रंकेतच राहिले. मी थापा मारायचं सोडलं नाही, कारण मी गप्प बसले असते तर त्या घरात कुणाचाच आवाज उरला नसता. रोज संध्याकाळी मी काहीतरी रचून सांगे. मामंजी हुं म्हणत.

पुढच्या वर्षी श्रावणात मामंजींना मुदतीचा ताप आला. कऱ्हाडचे डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले. ताप चढायचा, उतरायचा, पण जीभ गेली. काही ठेवलं की ते तोंड फिरवत. मी चौदा प्रकारची पेज केली. (चार प्रकारची. चौदा करणारी बाई अजून जन्मायची आहे.) मुगाचं पाणी, ताकाची कढी, लिंबाचं लोणचं जिभेला लावून पाहिलं. दोन आठवड्यांत त्या मिशांच्या मागे तोंड उरलं नाही, नुसत्या मिशा उशीवर ठेवल्यासारख्या दिसत. डॉक्टर म्हणाले, औषध चालू आहे, पण पोटात काही जात नसेल तर औषध तरी कशाच्या जिवावर लढेल.

एका दुपारी आत्याबाई गोठ्यात होत्या. मामंजींनी मला बोटानं जवळ बोलावलं.

“सूनबाई, पोरानं आणल्यालं ते आंबट. एक जिभंवर पडलं असतं तर.” एवढ्यानं त्यांना धाप लागली. “जाऊ दे. तिला इचारू नगंस.”

मी लगेच जाऊन विचारलं. नको म्हटलेलं न करणं मला जमत नाही. पण आडून विचारलं. “आत्याबाई, मामंजींच्या तोंडाला काहीतरी आंबट पायजे.”

“चिंच हाय.”

“चिंच नगो म्हणत्यात.”

“आमसूल हाय.”

“डब्यातलं एक…”

“त्यो डबा त्याचा हाय,” आत्याबाई शेणाच्या पाटीवरून नजर न उचलता म्हणाल्या. “त्यो आल्यावर उघडंल.”

दुसऱ्या दिवशी भावाला ताप आलाय अशी थाप मारून मी सांगलीची एसटी धरली. माहेरी नुसता चहा घेतला आणि पेठेत उतरले. हळदीच्या पोत्यांमधून शिंकत शिंकत तीन दुकानं फिरले. शेवटी काष्ठौषधी विकणारे एक म्हातारे चाचा भेटले. त्यांच्याकडे होते, पण पिवळट तांबूस आणि लहान.

“काळं पायजे, चाचा. आमचे मामंजी सुभेदार मेजर हायत, त्यांना काळंच लागतंय.”

“मेजर असू दे न्हाईतर राजा, बाई. काळं न्हाई माझ्याकडं,” चाचा म्हणाले. “ताप किती दिवसांचा?”

“सतरा.”

त्यांनी तोलून पुडीत घातले आणि वर आणखी मूठभर टाकले. “सांजच्याला भिजवा, सकाळी कुस्करून पाणी पाजा. औषधाला हे बी तेच करतंय.”

औषधाला केलंही असतं. पण सकाळी मी मामंजींच्या जिभेवर एक ठेवला, त्यांनी तो दोन श्वास धरला आणि हलकेच तळहातावर काढला.

“बाजारातला हाय,” ते म्हणाले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा तोंडात घालायला गेले. मीच त्यांच्या हातातून घेतला.

त्या दुपारी आत्याबाई न्हाणीत गेल्या आणि किल्ली खुंटीवर दिसली. दीड वर्षाहून जास्त काळ ती किल्ली मी त्यांच्या कमरेशिवाय कुठं पाहिली नव्हती. मी ट्रंक उघडली. डब्यातले सात काढून पदरात घेतले, पुडीतले सात मोजून आत ठेवले, कुलूप लावलं, किल्ली खुंटीवर. घाईत कुलूप दोनदा निसटून पत्र्यावर आपटलं. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज चालूच होता. तेवढ्या पाण्यात आत्याबाईच काय, अख्खी आळी न्हाली असती.

ते सात दगड झाले होते. एक मी कढत पाण्यात घातला, तास दीड तास थांबले आणि मऊ झाल्यावर वाटी घेऊन मामंजींकडे गेले. वास त्यांना आधी लागला. डोळे उघडले.

“कुणी दिलं?”

माझ्या हयातीत मी इतकी गोड आणि इतकी नीट थाप कधी मारली नसेल. “आत्याबाईंनी,” मी म्हटलं. “त्या म्हणाल्या, तुमच्याहून डबा मोठा न्हाई.”

मामंजींनी वाटी हातानं लोटली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचा खांदा हलत होता. न वळताच त्यांनी विचारलं, “कागुद आला काय? मला सांगितलं न्हाई तुमी.”

“कसला कागुद, मामंजी? कुटला कागुद न्हाई आला.”

“मग तिनं डबा का उघडला?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: आत्याबाईंनी आपण होऊन डबा उघडला, म्हणजे भावजी आता येणार नाहीत. मी बाजेशेजारी जमिनीवरच बसले.

“तिनं न्हाई उघडला,” मी म्हणाले. “म्या चोरलं. किल्ली खुंटीवरची चोरली, सात काढलं आन बाजारातलं सात आत ठिवलं. त्यांना ठावं न्हाई.”

ते हळूहळू वळले. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. आवाज नव्हताच, नुसत्या मिशा हलल्या आणि डोळ्यांतून पाणी गेलं.

“आपल्याच घरात दरोडा,” ते म्हणाले. “आण हिकडं.”

त्यांनी तो गालात धरला. चावला नाही. संध्याकाळपर्यंत धरला. मधे एकदा म्हणाले, “धूर हाय अजून.” बी त्यांनी थुंकलं नाही, मला तळहातावर दिलं. त्या रात्री त्यांनी अर्धी वाटी पेज घेतली. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी मी दुसरा भिजवला. असे सहा दिवस सहा गेले. रोज आत्याबाई गोठ्याकडे गेल्या की मी वाटी न्यायची. ते भावजींविषयी एक शब्द बोलत नसत. गालात धरायचे, डोळे मिटायचे आणि माझा हात थोपटत बसायचे, जणू मलाच ताप होता.

सातव्या दिवशी मी शेवटचा घेऊन गेले तर त्यांनी मान हलवली.

“ह्यो डब्यात ठिव.”

“तुमी खा, मामंजी. अजून हायत की डब्यात.”

“ते बाजारातलं. ह्यो ठिव. डबा रिकामा करू नये.”

मी तो पुन्हा वाळवून ठेवला. आत्याबाई पुन्हा अंघोळीला गेल्या, किल्ली पुन्हा खुंटीवर होती, तेव्हा बाजारातला एक काढला आणि तो काळा आत टाकला. त्यानंतर चार दिवसांनी, सकाळच्या उन्हात बाज ओढून दिलेली असताना, मामंजी गेले. ताप उतरला होता. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही राहिलंच नव्हतं.

मी काय रडले ते सांगत नाही, कारण मी सांगितलं की मोठं होतं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. आत्याबाईंनी ट्रंकेतून डबा काढला, स्वयंपाकघरात माझ्यापुढे बसल्या आणि ताटात पालथा केला. सहा पिवळट तांबूस, एक काळा. त्यांनी काळा उचलून बोटांत फिरवला, परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

“ह्ये तुज्या सांगलीचं. आमटीला घे.”

माझ्याजवळ बारा थापा तयार होत्या. एकही तोंडात आली नाही. मी ताटातले सहा पुन्हा मोजले. भाजलेल्या पिठाचा वास येत होता आणि आत्याबाई पदरानं डब्याचं झाकण पुसत होत्या, पुसलेलंच पुन्हा पुसत होत्या.

“तुमाला ठावं हुतं,” मी म्हणाले. “किल्ली बी तुमीच ठिवली. मग तुमच्या हातानंच का न्हाई दिलं त्यांना? ऱ्हायल्या दिसांत तुमच्या हातचं खाल्लं असतं.”

“मी दिलं असतं तर ह्यांनी खाल्लं नसतं,” आत्याबाई म्हणाल्या.